० = ० आलं, आता उत्तर काय लिहायचं? समीकरण, नित्यसमानता आणि त्यांची भावंडं

नववी-दहावीच्या शिकवण्या घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडच्या एका मुलाने (क्ष + ३)² − ९ = क्ष(क्ष + ६) हे समीकरण सोडवायला घेतलं. कंस सोडवले, दोन्ही बाजूंचं सगळं कटलं आणि खाली ० = ० उरलं. मुलाने शांतपणे ‘क्ष = ०’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. हे चूक आहे हे ताईंना कळतंय, पण मुलाला पटेल असं सांगायचं कसं? शिवाय समीकरण, नित्यसमानता, बैजिक राशी, सूत्र, फलन या शब्दांच्या सीमा नेमक्या कुठे आहेत, आणि ‘सोडवा’ व ‘सिद्ध करा’ या दोन्हींत मांडणी वेगळी का लागते, हेही त्यांनी विचारलं आहे.

आधी मुलाच्या वहीचं बघू. उत्तर आहे: ‘क्ष ची कोणतीही किंमत’. शून्य चालतो, हे खरंच. पण त्याला ७ घालून बघायला सांगा. डावीकडे १०² − ९ म्हणजे ९१, उजवीकडे ७ × १३ म्हणजे ९१. मग −२, मग अर्धा घालू द्या. प्रत्येक वेळी जुळतंय म्हटल्यावर तो स्वतःच विचारेल, की मग मी शून्यच का लिहिला? शेवटच्या ओळीत त्याला शून्य दिसला म्हणून! त्या ओळीत क्ष उरलेलाच नाही, त्यामुळे ती ओळ क्ष वर कसलंच बंधन घालत नाही. याच्या उलटा प्रकारही लगेच दाखवा: २(क्ष + १) = २क्ष + ५. इथे क्ष कटून २ = ५ उरतं. ही ओळ कधीच खरी नसते, म्हणून या समीकरणाला उकल नाही. ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी फळ्यावर असली की निम्मं काम होतं.

आता मूळ मुद्दा. एखादी ओळ समीकरण आहे की नित्यसमानता, हे तिच्या तोंडावळ्यावरून कळत नाही. दोन्हींत मध्ये तेच बरोबरचं चिन्ह, दोन्हीकडे तेच क्ष आणि य. फरक भूमिकेत आहे. समीकरण हा प्रश्न असतो: क्ष च्या कोणत्या किमतींना हे खरं होईल? नित्यसमानता हा दावा असतो: दोन्ही बाजूंना अर्थ आहे अशा प्रत्येक किमतीला हे खरं आहे. प्रश्न सोडवायचा असतो, दावा सिद्ध करायचा असतो, आणि तो खोटा असेल तर एका उदाहरणाने मोडायचा असतो. काटेकोरपणे बोलायचं तर नित्यसमानता हेही एक समीकरणच आहे, ज्याच्या उकलींत सगळ्या संख्या येतात. काही पुस्तकं तसं मांडतात, काही दोघांना वेगळं ठेवतात. मला शिकवताना वेगळं ठेवणं बरं वाटतं, कारण मुलाच्या हातून पुढे काय व्हायला हवं हे त्यावरूनच ठरतं.

पण समीकरणाच्याही आधी गोंधळ होतो तो राशीत, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथेच आहे. बैजिक राशीत बरोबरचं चिन्ह नसतं. क्ष² − ५क्ष + ६ ही राशी आहे, आणि तिला खरं-खोटं काही म्हणता येत नाही. तिची किंमत काढता येते, तिला सरळ रूप देता येतं, तिचे अवयव पाडता येतात, पण ती सोडवता येत नाही. ‘अवयव पाडा’ या प्रश्नाला मुलं (क्ष − २)(क्ष − ३) इथवर नीट येतात आणि मग हाताला सवय म्हणून पुढे ‘क्ष = २, क्ष = ३’ लिहितात. हे दोन आकडे आले कुठून? मुलाने मनातल्या मनात राशीच्या शेजारी ‘= ०’ चिकटवलं. प्रश्नात तसं कुणी म्हटलंच नव्हतं.

याचंच अधिक महागात पडणारं रूप पूर्णांकांऐवजी अपूर्णांक आले की दिसतं. क्ष/२ + क्ष/३ ला सरळ रूप द्या, असं सांगितलं की वर्गातली चार-दोन मुलं तरी सगळ्याला ६ ने गुणतात, ३क्ष + २क्ष करतात आणि ५क्ष उत्तर देतात. बरोबर उत्तर ५क्ष/६ आहे. सहाने गुणायची परवानगी समीकरणात असते, कारण तिथे दोन्ही बाजूंना सारखंच काही केलं तर समतोल टिकतो. राशीला दुसरं पारडंच नाही, मग तोलणार कुणाशी? तिला ६ ने गुणलं की ती सहापट झाली, संपलं. म्हणून मी मुलांना एक सवय लावतो: कामाला लागण्याआधी बरोबरचं चिन्ह प्रश्नात आहे की मी घातलंय, ते बघ. राशीच्या ओळींमध्ये जी ‘=’ चिन्हं उतरत जातात, ती ‘हीच राशी वेगळ्या रूपात’ एवढंच सांगतात. म्हणजे ती प्रत्येक पायरी एक छोटी नित्यसमानता असते.

बहुपदी ही राशीचीच एक शिस्तशीर जात: चलाचे घात फक्त ०, १, २, ३ असे पूर्ण संख्यांत. ३क्ष² − क्ष + ४ बहुपदी आहे. क्ष + १/क्ष ही राशी आहे, बहुपदी नाही, वर्गमूळात क्ष असला तरी नाही. एवढं पुरे.

नित्यसमानता ओळखायची कशी? किमती घालून बघायची सवय चांगली आहे, पण ती कुठपर्यंत पुरते हे माहीत हवं. (अ + ब)² = अ² + ब² हा मुलांचा लाडका दावा अ = १, ब = १ घातलं की मोडतो: ४ आणि २. दावा मोडायला एक उदाहरण बस्स. मात्र जुळणाऱ्या उदाहरणांनी दावा सिद्ध होतोच असं नाही. क्ष³ − ३क्ष² + २क्ष = ० घ्या. क्ष = ० घाला, जुळतं. १ घाला, जुळतं. २ घाला, जुळतं. तीनदा जुळलं म्हणून कुणी नित्यसमानता म्हणेल, पण ३ घातल्यावर डावीकडे ६ येतात. हे साधं घन समीकरण आहे आणि आपण नेमकी त्याची तीन मुळंच घालून बघत होतो.

मग किती किमती तपासल्या की पुरे? बहुपदींच्या बाबतीत याला पक्कं उत्तर आहे, आणि ते नववीच्या हुशार मुलालाही सांगण्यासारखं आहे. शून्येतर बहुपदीची कोटी, म्हणजे चलाचा सर्वांत मोठा घात, ‘न’ एवढी असेल तर तिला ‘न’ पेक्षा जास्त मुळं असू शकत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंच्या बहुपदींची कोटी जास्तीत जास्त ‘न’ एवढी असेल आणि त्या न + १ वेगवेगळ्या किमतींना जुळल्या, तर त्या सगळीकडे जुळतात. हे उदाहरण द्या:

(क्ष − १)(क्ष − २)/२ − क्ष(क्ष − २) + क्ष(क्ष − १)/२ = १

दिसायला वर्गसमीकरण. मुलं दोन मुळं शोधायला धावतात. पण क्ष = ० घातलं तर पहिलं पद १ आणि बाकीची शून्य. क्ष = १ घातलं तर मधलं पद १, बाकीची शून्य. क्ष = २ ला तिसरं १. कोटी फार तर २, आणि जुळल्या तीन किमती. म्हणजे विस्तार न करताच सिद्ध झालं, की ही नित्यसमानता आहे. विश्वास नसेल त्याने विस्तार करावा: क्ष² चे सहगुणक अर्धा, उणे एक, अर्धा, बेरीज शून्य. क्ष चे उणे दीड, दोन, उणे अर्धा, तेही शून्य. उरतो १. असले प्रश्न प्रवेश परीक्षांत ‘या समीकरणाला किती मुळं आहेत?’ असं साळसूदपणे विचारतात आणि पर्यायांत ‘दोन’ ठेवतात.

हा नियम बहुपदींपुरताच आहे, हे सांगायला विसरू नका. साइन(१८०° × क्ष) = ० ही ओळ क्ष च्या झाडून सगळ्या पूर्णांक किमतींना खरी आहे, तरी ती नित्यसमानता नाही. क्ष = १/२ ला डावीकडे १ येतो.

इथेच दुसरा गैरसमजही दूर होतो, की उकली अनंत असल्या म्हणजे नित्यसमानता. तसं नाही. क्ष + य = १० ला अनंत उकली आहेत, पण क्ष = १, य = १ घातलं की ती खोटी पडते. एकसामयिक समीकरणांत तर ० = ० चा अर्थच वेगळा होतो. क्ष + य = ५ आणि २क्ष + २य = १०. पहिल्याला २ ने गुणून वजा केलं की ० = ० येतं, आणि मुलं लिहितात, ‘क्ष आणि य च्या कोणत्याही किमती’. चूक. ३ आणि ७ घालून बघा, कुठे जुळतंय? ० = ० इथे एवढंच म्हणतंय की दुसऱ्या समीकरणाने नवीन काही सांगितलं नाही. उकली अनंत आहेत, पण त्या सगळ्या क्ष + य = ५ या एकाच रेषेवरच्या. तुमच्या मुलाच्या उदाहरणात बंधन एकच होतं आणि तेच विरघळलं. इथे दोन होती, त्यातलं एक उरलंच आहे.

नित्यसमानतेच्या व्याख्येत ‘दोन्ही बाजूंना अर्थ आहे अशा’ हे शब्द मी उगाच घातले नाहीत. (क्ष² − ४)/(क्ष − २) = क्ष + २ ही नित्यसमानता आहे, पण क्ष = २ सोडून, कारण तिथे डावीकडे छेद शून्य होतो. कोणत्या संख्यांच्या जगात आपण आहोत, यावरही निकाल बदलतो. √(क्ष²) = क्ष हे शून्य आणि धन संख्यांत नेहमी खरं. वास्तव संख्यांत क्ष = −३ घातलं की डावीकडे ३, उजवीकडे −३. एकच ओळ, एका जगात नित्यसमानता, दुसऱ्यात साधं समीकरण. अट घातली तरच नेहमी खरी होणारी विधानंही असतात: अ + ब + म = ० असेल तर अ³ + ब³ + म³ = ३ × अ × ब × म. अट काढली की गेलं.

आता मला स्वतःला सर्वांत आवडणारी जागा. अकरावी-बारावीत आंशिक अपूर्णांक येतात:

१/(क्ष(क्ष + १)) = अ/क्ष + ब/(क्ष + १)

ही ओळ काय आहे, समीकरण की नित्यसमानता? दोन्ही! क्ष च्या दृष्टीने नित्यसमानता, कारण ती क्ष च्या सगळ्या चालणाऱ्या किमतींना खरी व्हायला हवी. अ आणि ब च्या दृष्टीने समीकरण, कारण त्या दोन किमती आपल्याला शोधायच्या आहेत. छेद काढला की १ = अ(क्ष + १) + ब × क्ष. क्ष = ० घालून अ = १, क्ष = −१ घालून ब = −१. यावर एखादी चौकस मुलगी विचारते, की सर, क्ष = ० आणि −१ तर मूळ ओळीत चालतच नव्हते, मग इथे कसे घातले? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि ‘पद्धतच आहे’ असं म्हणून तो टाळू नये. छेद काढल्यावर दोन्हीकडे बहुपदी आहेत. त्या ० आणि −१ सोडून बाकी सगळ्या संख्यांना, म्हणजे अनंत किमतींना जुळायला हव्यात. वरच्याच नियमाने त्या मग ० आणि −१ लाही जुळायलाच हव्यात. सहगुणकांची तुलना करायची पद्धतही याच आधारावर उभी आहे. (क्ष + २)(क्ष + प) = क्ष² + ७क्ष + १० हे ‘सर्व किमतींसाठी’ खरं आहे असं दिलं असेल तरच २ + प = ७ लिहिता येतं. ते दोन शब्द नसतील तर तुलनेला आधार नाही.

सूत्र आणि फलन यांवर फार रेंगाळायची गरज नाही. सूत्र म्हणजे राशींमधला एखादा कायमचा संबंध, वापरायला तयार ठेवलेला. (अ + ब)² चं विस्तारसूत्र ही नित्यसमानता आहे. सरळव्याजाचं सूत्र मात्र मुद्दल, दर, मुदत आणि व्याज यांना बांधणारं समीकरण आहे, तीन किमती दिल्या की चौथी मिळते. फॅरनहाइट = (९/५) × सेल्सिअस + ३२ हे रूपांतराचं सूत्र. पण ‘दोन्ही मापांवर आकडा सारखा कधी येईल?’ असं विचारलं की त्याच सूत्रातून त = (९/५)त + ३२ हे समीकरण जन्मतं आणि उत्तर येतं −४०. फ(क्ष) = क्ष² हे फलन सोडवायचं काही नसतं, ते नाव ठेवणं आहे: फ म्हणजे वर्ग करणारं यंत्र समजा. फ(क्ष) = ९ म्हटलं की समीकरण झालं. आणि मुलं हल्ली शाळेत कोडिंग शिकतात, तिथे क्ष = क्ष + १ ही ओळ सर्रास असते. गणितात तिला उकल नाही. संगणकाला ती आज्ञा असते, की क्ष मध्ये जे आहे त्यात एक मिळवून परत क्ष मध्येच ठेव. पायथनमध्ये समानता तपासायला म्हणूनच दोन बरोबरची चिन्हं, ‘==’, लिहावी लागतात.

‘नित्यसमानता पाठ करून उपयोग काय, सोडवायचं तर समीकरणच असतं ना?’ असं विचारणाऱ्याला ब्रह्मगुप्ताचं उदाहरण द्यावं. ब्राह्मस्फुटसिद्धांत हा त्याचा ग्रंथ इ.स. ६२८ चा. त्यात प्रश्न आहे: ९२क्ष² + १ = य² होईल असे पूर्णांक शोधा, आणि वर्षभरात हे सोडवेल तो खरा गणिती, अशी पुस्तीही जोडलेली आहे. त्याच्या हाताशी जी नित्यसमानता होती ती भावना या नावाने ओळखली जाते. आजच्या चिन्हांत:

(अ² − नब²)(म² − नप²) = (अम + नबप)² − न(अप + बम)²

कंस सोडवून मुलांना पडताळू द्या, आठवीचं काम आहे. आता १०² − ९२ × १² = ८. ही ओळ स्वतःशीच भावनेत घातली की १९२² − ९२ × २०² = ६४. ६४ ने भागा: २४² − ९२ × (५/२)² = १. उजवीकडे १ आला, फक्त अपूर्णांक नको आहे. पुन्हा एकदा स्वतःशी भावना करा: य = ५७६ + ५७५ = ११५१ आणि क्ष = २ × २४ × ५/२ = १२०. पडताळा: ९२ × १४४०० + १ = १३२४८०१, आणि ११५१² तेवढेच. प्रत्येक किमतीला खरी असलेली एक ओळ हातात होती, म्हणून एक अवघड समीकरण तीन पायऱ्यांत सुटलं. पुढे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीने ६१क्ष² + १ = य² सोडवलं, त्यात क्ष ची सर्वांत लहान किंमतच २२६१५३९८० आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा. सहल काढायची झाली तर नववीच्या मुलांना तिथे जरूर न्या.

राहिला ‘सोडवा’ आणि ‘सिद्ध करा’चा प्रश्न. समीकरण सोडवताना आपण गृहीत धरतो की क्ष ही उकल आहे, आणि मग ती कोण असू शकते ते आकुंचित करत नेतो. म्हणून शेवटी पडताळा लागतो. √(क्ष + ६) = क्ष चा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, म्हणजे ३ किंवा −२. यातला −२ मूळ ओळीत घातला तर डावीकडे २, उजवीकडे −२, बाद. वर्ग करताना पाहुणा घुसला. क्ष² = ५क्ष ला क्ष ने भागलं तर उलटं होतं, घरचाच शून्य हरवतो.

नित्यसमानता सिद्ध करताना मात्र जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरून सुरुवात करता येत नाही. दहावीतलं नेहमीचं उदाहरण: १/(सेक थीटा − टॅन थीटा) = सेक थीटा + टॅन थीटा. अनेक मुलं हीच ओळ पहिली लिहितात, तिरका गुणाकार करतात, १ = सेक² थीटा − टॅन² थीटा आणतात आणि ‘सिद्ध झाले’ म्हणतात. योग्य मांडणी डाव्या बाजूपासून: अंश आणि छेद दोन्हींना (सेक थीटा + टॅन थीटा) ने गुणा, छेदात सेक² थीटा − टॅन² थीटा म्हणजे १ येतो, उरते ती उजवी बाजू.

‘पण सर, उत्तर तर तेच आलं’ असं मुलगा म्हणाला तर त्याला −३ = ३ पासून सुरू करायला सांगा. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, ९ = ९. सिद्ध झालं? खऱ्या ओळीपर्यंत पोहोचल्याने सुरुवात खरी ठरत नाही. शेवटच्या ओळीवरून पहिलीवर परत येता येतं का, ते बघायला हवं. ९ = ९ वरून −३ = ३ वर परत येता येत नाही. सेक-टॅनमध्ये येता येतं: १ = (सेक थीटा − टॅन थीटा)(सेक थीटा + टॅन थीटा) या ओळीला पहिल्या कंसाने भागायचं, आणि तो कंस शून्य असूच शकत नाही, कारण गुणाकार १ आहे. त्या मुलाने हा उलटा प्रवास उत्तरपत्रिकेत लिहिला, कंस शून्य का नाही हेही लिहिलं, तर त्याची सिद्धता पूर्ण आहे आणि मी त्याला पूर्ण गुण देईन.